दौंडपुरता व्हिसा

अच्युत परचुरेने मांडीवरची फळी सरळ केली, तिच्यावर नवा छापील फॉर्म ठेवला आणि विचारले,

"तुमच्या नात्यातलं कुणी परदेशात आहे?"

गिताबाई लोकरीत अडकलेली कुसळे वेचत होती. तिने मान वर केली नाही.

"हाय की. भन हाय. कराचीला."

"नाव?"

"बनी."

"वय?"

"माझ्याएवढीच."

"आणि तुमचं?"

"तिच्याएवढंच की."

अच्युतने 'अंदाजे तीस' असे लिहिले. ओट्याच्या कडेला गिताबाईचा नवरा मल्हारी दावे वळत बसला होता. तो खाली मान घालून हसला.

"बहिणीचे यजमान काय करतात?"

"रेल्वेत हायेत. आधी विंजनात कोळसा टाकायचे, आता म्हनं विंजनच चालवत्यात."

"त्यांचं नाव?"

"पाशा."

पेन थांबले. अच्युतने एकदा गिताबाईच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे पाहिले, एकदा भिंतीवरच्या खंडोबाच्या तसबिरीकडे. अशा नाजूक जागी अभ्यासकाने चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये, हे वर्गात शिकवलेले त्याला आठवले. त्याने स्वच्छ अक्षरात 'पाशा' लिहिले, आभार मानले आणि तो उठला.

वडगाव रासाईतला हा त्याचा अकरावा होकार होता, आणि अकराव्यांदा कराची आली होती.

१९५७चा मे महिना होता. पुण्याला एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या अच्युतला प्राध्यापक देवस्थळींनी विषय दिला होता, 'देशाच्या सीमेपलीकडील सामाजिक संबंध'. मुंबईत बसून हा अभ्यास कुणीही करील, असे त्यांचे म्हणणे होते. खरी परीक्षा खेड्यात. शिरूर तालुक्यातले, भीमेच्या काठचे हे दीडशे घरांचे गाव त्यांनी नकाशावर पेन्सिल टेकवून निवडले होते. दोन-तीन घरे मिळाली तरी पुष्कळ, असा त्यांचा अंदाज. अच्युतला गावात येऊन आठवडा होत नाही तोच अकरा बायका निघाल्या. सोपानरावांची भाची बानू, धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्या अनसाबाईची नात बाणाई, दगडोबाची धाकटी बहीण बानूताई. सगळ्या कराचीला, सगळ्यांचे नवरे रेल्वेत, आणि ज्या ज्या घरी नाव विचारले तिथे तिथे नवऱ्याचे नाव पाशा.

शाळेच्या खोलीत, जिथे त्याची उतरण्याची सोय केली होती, त्याने त्या संध्याकाळी वहीत नोंद केली: 'पाशा हे नाव नसून रेल्वेतील हुद्दा असावा. तपासणे.'

एक गोष्ट मात्र त्याला सतावत होती. गावात मुसलमानांची पाच घरे होती आणि पाचही घरांनी साफ नाही म्हटले होते. चांदभाई पिंजाऱ्याने तर प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नव्हता.

"आमचं कोनी न्हाई तिकडं, साहेब," तो म्हणाला होता आणि पुन्हा कापूस पिंजायला लागला होता. आतल्या खाटेवरून एका म्हातारीने काहीतरी विचारले, तेव्हा चांदभाईने पिंजण्याच्या धनुकलीची तात इतकी जोरात छेडली की घरभर कापूस उडाला आणि अच्युत शिंकत बाहेर पडला.

तक्ता तयार झाला: सीमेपलीकडे नातेवाईक असलेली कुटुंबे, हिंदू अकरा, मुसलमान शून्य. अच्युतने तो पुण्याला पाठवला. चौथ्या दिवशी देवस्थळींचे कार्ड आले. 'अकरा? पुन्हा मोजा. खरेच अकरा असतील तर इंग्रजीत निबंध लिहू.'

अच्युतने पुन्हा मोजले. अकराच होते.

त्याच दिवशी दुपारी चांदभाई शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, दाढीत कापसाचे तंतू.

"साहेब, तुमाला इंग्रजी येतं न्हवं?"

"येतं की. आत या ना."

तो आत आला, पण बसला नाही. त्याने बंडीतून एक पाकीट काढले. त्यात मराठीतले एक लांबलचक पत्र होते आणि इंग्रजीत चार ओळी लिहिलेला एक कपटा.

"येरवी मास्तर वाचून दावत्यात. पर ते सुट्टीला गावी गेलंत."

अच्युतने कपटा वाचला. कुणीतरी व्हिशावरचा मजकूर उतरवून दिला होता. खुर्शिदबानू, मुदत पंधरा दिवस, ठिकाण धोंड.

"धोंड?" चांदभाईचा चेहरा उतरला. "कसली धोंड?"

"दौंड. इंग्रजीत दौंडचं धोंड लिहितात."

"आन् वडगाव?"

"वडगाव नाही यात. फक्त दौंड."

चांदभाईने खाली बसकण मारली. मग पत्राकडे बोट करून म्हणाला, "ते बी वाचा."

अच्युत वाचू लागला. अक्षर मोठे, गोल, चौथीपर्यंत गिरवलेले.

'चांददादाला बानूचा सलाम. दहा वर्षांनी मी येते आहे. इथल्या बाबूने विचारले, कुठे जाणार. मला वाटले स्टेशन विचारतोय, मी दौंड म्हणाले. त्याने तेच लिहिले. आता बदलत नाही म्हणतात. म्हणून दौंडला यांच्या चुलतभावाकडे, इलाहीभावजींकडे उतरेन. अम्माला सांग, माझ्या हातून चूक झाली. गिताला सांग, तिने दिलेली घोंगडी इथल्या बायका हात लावून बघतात. अनसाआजीला सांग, तुझी बाणाई येते आहे. सोपानमामांना सांग, गुडघ्यांना तेल लावत जा. दगडूदादाला सांग...'

अच्युतचा आवाज हळू होत गेला. पत्र संपले तेव्हा तो पुटपुटतच होता. त्याने ट्रंकेतून अकरा फॉर्म काढले आणि सतरंजीवर पसरले.

"चांदभाई, अनसाबाईंची नात म्हणजे..."

"हीच."

"सोपानरावांची भाची?"

"हीच की."

"आणि पाशा?"

"माझा मेव्हना." चांदभाईने फॉर्मांकडे पाहिले. "एकच हाय, साहेब. अकरा कुठनं आनू?"

बाहेर चिंचेखाली कुणाची तरी शेळी ओरडत होती. अच्युतने तिचे ओरडणे संपेपर्यंत वाट पाहिली.

"मग मला नाही का म्हणालात?"

चांदभाई टोपीची कड बोटांनी चाचपत राहिला.

"तुमी कागूद घिऊन आलता. धा वर्सांत जो जो कागूद घिऊन आला, त्यानं हेच इचारलं. सोपानरावांना इचारलं तर त्यांची भाची असती. मला इचारलं की माझं पाकिस्तान हुतं." मग घाईने म्हणाला, "रागावू नका. तुमी बरं वाचता."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, अच्युतने देवस्थळींना कार्ड लिहिले. 'बाई एकच आहे. क्षमस्व.' उलट टपाली उत्तर आले: 'बाई एक, हे समजले. नाती किती? नाते कशास म्हणायचे ते आधी ठरवा, मग तक्ता करा.' अच्युतने ते दोनदा वाचले. ठरवायचे कसे, याबद्दल कार्डावर काही नव्हते.

गावाला आता त्याच्या तक्त्याची पडलेली नव्हती. बानू दौंडला उतरली होती आणि पोलिसांत नाव नोंदवूनही आली होती. तिचा दीर इलाही, दौंडच्या रेल्वेत फिटर, सायकल हाणत नदीकाठी आला आणि पायी नदी ओलांडून निरोप सांगून गेला. तिथले जमादार बिचारे भले होते. कागदावर दौंड आहे, म्हणजे दौंड तालुका धरू, असे ते म्हणाले होते. तालुका भीमेपर्यंत. नदीपर्यंत मी स्वतः संगती येतो. निम्म्या नदीपलीकडे शिरूर, तिथे एक पाऊल पडले तर माझी नोकरी जाईल.

राहता राहिली अकिलाचाची, बानूची आणि चांदभाईची आई. दोन वर्षांपूर्वी पडून तिचे खुब्याचे हाड मोडले होते. तेव्हापासून ती खाटेवर होती. तिला गाडीत घालून दौंडला न्यावे, असे चांदभाईने सुचवले.

"मी न्हाई जायाची," म्हातारी म्हणाली.

"अम्मा, तिला यायची बंदी हाय."

"धा वर्सं मी हितंच हाय. वाट ती चुकलीय, मी न्हाई. लेकीला भेटाया लेकीच्या दारात जाऊ? लोक काय म्हनतील?"

लोक ओट्यावर जमलेच होते. त्यांनी एकमुखाने सांगितले की आम्ही काही म्हणणार नाही. सोपानरावांनी समजावले, दगडोबाने विनवले. म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवले. शेवटी गिताबाई आत जाऊन खाटेच्या पायाला टेकून बसली.

"चाची, दौंडाला जाऊच नगंस. निसती नदीवर चल. नदी तर आपली हाय."

म्हातारीने तोंड भिंतीकडून इकडे वळवले.

"निम्म्या नदीपतूर येईन," म्हातारी म्हणाली. "म्होरं एक पाऊल टाकायची न्हाई."

जिला दोन वर्षांत एक पाऊल टाकता आले नव्हते, तिची ही अट सगळ्यांनी गंभीरपणे मान्य केली.

ठरल्या दिवशी ऊन कलल्यावर अर्धे गाव नदीत उतरले. मे महिन्यातली भीमा ती. सगळी वाळू, खरबुजांचे वेल आणि दौंडच्या अंगाला घोटाभर पाण्याची एक धार. चार जणांनी खाट वाहून आणली. गिताबाई म्हातारीच्या डोक्यावर घोंगडीची सावली धरून चालत होती. पलीकडच्या काठावर बैलगाडी थांबली. केडगाव स्टेशनवरून ती आली होती. आधी जमादार उतरले, घाम पुसला आणि धार ओलांडून अलीकडे आले.

"निम्मी नदी कुठं येती?" त्यांनी विचारले.

सगळ्यांनी अच्युतकडे पाहिले. गावात तालुक्याचा नकाशा असलेला तो एकटाच होता. त्याने नकाशा उलगडला. सीमेची तुटक रेघ नदीच्या मधोमध गेली होती, कागदावर केसाएवढी. वाळूत ती कुठे असेल हे नकाशात नव्हते. तेव्हा अच्युत अलीकडच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत पावले मोजत गेला, चपला हातात घेऊन धारेतूनही गेला. चारशे बारा भरली. मग तो दोनशे सहा पावले मागे आला आणि उभा राहिला.

"हितं?"

"इथं."

जमादारांनी तिथे काठी रोवली. तिच्या शिरूरच्या अंगाला खाट ठेवली गेली.

बानू गाडीतून उतरली. तिने दहा वर्षांपूर्वीचे, घडीवर विरलेले हिरवे लुगडे नेसले होते. धारेपर्यंत ती चालत आली, धार ओलांडताना तिची एक चप्पल वाहून गेली, आणि मग ती पळत सुटली. काठीपाशी येऊन ती अशी थबकली की जणू तिथे भिंतच होती.

म्हातारीने खाटेवरून हात लांब केला. हात काठीच्या पलीकडे गेला. जमादारांनी आभाळाकडे पाहिले.

"वाळलीस," म्हातारी म्हणाली.

बानूने तो हात कपाळाला लावला आणि वाळूत गुडघे टेकले.

"पाशा बरा हाय?"

बानूने मान हलवली.

"मग रडतीस कशापायी?"

इतका वेळ दम धरून उभे असलेले गाव आता पुढे सरकले. तेव्हा जमादारांनी वही काढली आणि दोन्ही हात पसरले.

"थांबा! एवढी मानसं? बाईला फकस्त नातेवाइकांना भेटायची मुभा हाय. आन् मला लिवावं लागतं, कोन भेटलं, काय नातं. ही कोन?"

"भन," गिताबाई म्हणाली.

"तुझं नाव गिताबाई, हिचं खुर्शिदबानू. भन कशी?"

"माजी आई बाळंतपनात गेली. म्या चाचीचं दूध प्यालीया. ह्या बाजूला बनी, त्या बाजूला मी."

"मी आजी," अनसाबाई मागून ओरडली. "पुराच्या साली ही माझ्या मेंढवाड्यात जलमली. पयली आंघुळ म्या घातली. इचारा चाचीला!"

"लग्नात हिचा मामा वखताला आला न्हाई," सोपानराव म्हणाले. "मामा म्हनून मी हुबा राह्यलो. तवापास्नं भाची हाय."

दगडोबा नुसता पुढे येऊन उभा राहिला, आणि बानूने त्याला "दगडूदादा" म्हणून हाक मारली.

जमादारांनी कानावर पेन्सिल खोचली, परत काढली. त्यांचे काहीच लिहून झाले नव्हते. ते अच्युतकडे वळले.

"साहेब, इलाही म्हनत हुता तुमी नात्यांचाच अभ्यास करता. ह्यात खरं नातं कुनाचं, तेवढं सांगा. बाकीच्यांना मागं सारतो."

गिताबाई अच्युतकडे पाहत होती. रागाने नव्हे, विनवणीनेही नव्हे. ओट्यावर वय विचारले होते तेव्हा तिच्या तोंडावर जो भाव होता तसाच होता. चांदभाई वाळूकडे पाहत होता. अच्युतला वाळूचे चटके तळव्यांना जाणवले. चपला अजून त्याच्या हातातच होत्या.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "गिताबाई मल्हारी, बहीण. सोपानराव, मामा. अनसाबाई, आजी. दगडोबा, थोरला भाऊ..." त्याला वही बघावी लागली नाही. अकराही घरे त्याने ओळीने सांगितली. शेवटी म्हणाला, "चांदभाई, भाऊ."

"म्हंजी बारा?"

"बारा."

"आन् हे कशावरनं?"

"विद्यापीठाचा अभ्यास आहे, जमादार. तीन आठवडे चाललाय."

विद्यापीठ या शब्दाला जमादारांनी थोडा मान दिला. मग ते वाळूत मांडी घालून बसले आणि त्यांनी सगळे लिहून घेतले. लिहून होईपर्यंत बायकांनी बानूला घेरले होते आणि कुणाला विचारायचे राहिलेच नव्हते. भाकरी सुटल्या, मिरचीचा ठेचा निघाला, मल्हारीने वेलावरची खरबुजे फोडली. जमादारांच्या वाट्याला दोन आली. अनसाबाई बानूच्या केसांत बोटे घालून कराचीत तेल मिळते की नाही याची चौकशी करत होती. चांदभाई मात्र बहिणीमागे नुसता बसून राहिला आणि मधून मधून तिच्या पदरावरची वाळू झटकत राहिला.

सूर्य पलीकडच्या बाभळींपर्यंत उतरला तेव्हा जमादार उठले.

"गाडी चुकंल, बाई. केडगावला पोचायचंय."

बानू उठली. कुणी कुणाकडे पाहिना. तिने वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला आणि ती मागे वळली.

"उचला," म्हातारी म्हणाली.

चांदभाई, मल्हारी आणि दगडोबा खाटेला लागले. गाडीबरोबर आलेला इलाही चौथ्या कोपऱ्याला आला. खाट उचलून त्यांनी ती गावाकडे वळवली.

"तिकडं कुठं? गाव काय पळून चाललंय?"

"मग कुठं न्यायचं, अम्मा?"

"दौंडाला."

खाट तशीच अधांतरी राहिली.

"लेकीच्या दारात जायाचं न्हाई म्हनलीस न्हवं?"

"लेकीचं दार हितं कुठं हाय? इलाहीचं हाय. इलाहीनं बोलावलंय मला. बोलावलंस का न्हाई रं?"

"बोलावलंय, चाची," इलाही घाईघाईने म्हणाला. "कवाचं बोलावलंय. मी म्होरं जाऊन गाडीत पेंढा पसरतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत खाटेचा कोपरा सोडून तो पळाला. गिताबाईने तो कसाबसा सावरला.

जमादार वहीची पाने मागेपुढे करत होते. म्हातारीने त्यांच्याकडे मान वळवली.

"जमादार, माझ्या नावाचा काय कागूद हाय का तुमच्यापाशी?"

"न्हाई, आजी."

"मग मला कोन अडिवतंय?"

जमादारांनी जरा विचार केला आणि वही मिटून खिशात घातली. बानू धारेच्या काठाशी उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता. हसत होती की रडत होती, ते एवढ्या अंतरावरून कळत नव्हते.

अच्युतने चपला वाळूत टाकल्या आणि गिताबाईच्या हातून खाटेचा कोपरा घेतला. खाट हलकी असेल असे त्याला वाटले होते. ती तशी नव्हती. धारेत उतरताच तळव्याखालची वाळू सरकू लागली आणि त्याच्या बाजूने खाट तिरकी झाली.

"ह्यो कोपरा कोनी धरलाय?" म्हातारी वरून ओरडली. "खाली चाललाय!"

"पुन्याचं साहेब हायेत, चाची," गिताबाईने सांगितले. ती शेजारून पाण्यातून चालत होती, घोंगडी खांद्यावर टाकून.

म्हातारीने मान वळवून त्याला पाहण्याचा प्रयत्न केला. ते जमले नाही. तिने डोके पुन्हा उशीवर टेकले.

"शिकंल," ती म्हणाली. "चला."